मोटारीतली सही कशी टिकवावी?

थोरामोठ्यांच्या सह्या गोळा करण्याचा छंद तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. कोणी त्यासाठी खास वही ठेवतो, कोणी क्रिकेटच्या बॅटवर सह्या घेतो. अमेरिकेत जुन्या, वेगवान मोटारींचा शौक असलेले लोक तर सही घेतात ती थेट मोटारीवरच! मोटारीचा बाहेरचा भाग पावसात भिजतो, वरचेवर धुतला जातो, त्याला पुन्हा रंगही दिला जातो. म्हणून सही घेतली जाते ती आतल्या भागावर : चालकासमोरच्या डॅशबोर्डवर, शेजारच्या ग्लोव्ह बॉक्स नावाच्या छोट्या कप्प्याच्या झाकणावर, किंवा डोळ्यांवर येणारे ऊन अडवणाऱ्या झडपेवर.

अशा सह्यांमध्ये कॅरोल शेल्बी यांची सही विशेष प्रसिद्ध आहे. टेक्सास राज्यात जन्मलेल्या शेल्बींनी १९५९ साली रॉय साल्वाडोरी यांच्या जोडीने फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकली. पुढे हृदयविकारामुळे त्यांना शर्यती सोडाव्या लागल्या आणि ते मोटारी घडवू लागले. १९६२ ची ‘कोब्रा’ आणि फोर्ड मस्टँगवरून तयार केलेली १९६५ ची ‘जी. टी. ३५०’ या त्यांच्या गाड्या आजही शौकीन लोक जिवापाड जपतात. या गाड्यांच्या कितीतरी मालकांनी डॅशबोर्डवर किंवा कप्प्याच्या झाकणावर शेल्बींची सही घेतली. मे २०१२ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी शेल्बी वारले. आता त्यांची नवी सही मिळणे नाही. जी आहे ती गेली की गेलीच.

आणि ती जाते. काही वर्षांतच गडद काळी सही जांभळट किंवा तपकिरी दिसू लागते, रेघांच्या कडा फुटतात, जिथे हात लागतो तिथली अक्षरे झिजतात. मग मालकाला वाटते, हिच्यावर एक पारदर्शक व्हार्निशचा हात फिरवला की झाले! पण कित्येकदा हा उपायच सहीचा घात करतो. पन्नास वर्षांत उन्हाने जे केले नसते ते व्हार्निश अर्ध्या मिनिटात करते. असे का होते, आणि मग करावे तरी काय, हे आपण पाहू.

शाईत असते काय?

प्लॅस्टिकवर किंवा धातूवर सही करायला साधे पेन चालत नाही. त्यासाठी ‘कायम टिकणाऱ्या’ शाईचे मार्कर पेन वापरतात. ‘शार्पी’ हे त्यातले प्रसिद्ध पेन १९६४ साली बाजारात आले. अशा शाईत मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली, रंग देणारा पदार्थ. दुसरी, तो पृष्ठभागाला चिकटवून धरणारी राळ. तिसरी, या दोहोंना विरघळवून पातळ ठेवणारा विद्रावक. तो बहुधा अल्कोहोलच्या जातीचा असतो. आपण लिहितो तेव्हा विद्रावक काही सेकंदांत उडून जातो आणि राळ व रंग यांचा अतिशय पातळ थर मागे राहतो.

कागदावर शाई तंतूंच्या आत झिरपते. प्लॅस्टिकला अशी छिद्रे नसतात. तिथे शाई फक्त वर बसलेली असते, आणि तिचा थर आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असतो. एवढ्याशा थरावर सगळी मदार!

‘कायम टिकणारी’ या शब्दांनी मात्र फसू नये. या शाईचा कायमपणा पाण्यापुरता आहे. पाण्याने ती धुतली जात नाही. प्रकाशापुढे ती टिकेलच असे नाही.

रंग देणारे पदार्थ दोन प्रकारचे असतात. रंजक हे द्रवात पूर्ण विरघळतात. साखर पाण्यात विरघळते तसा त्यांचा एकेक रेणू सुटा होतो. रंगद्रव्ये मात्र विरघळत नाहीत. त्यांचे बारीक कण द्रवात नुसते तरंगत असतात आणि एकेका कणात हजारो-लाखो रेणू एकमेकांना बिलगून असतात. प्रकाशाचा मारा झाला तर सुटा रेणू सहज बळी पडतो. कणातले बाहेरचे रेणू बिघडले तरी आतले शाबूत राहतात. म्हणून रंगद्रव्यांची शाई साधारणपणे जास्त टिकते. आपल्याकडची जुनी शाई काजळीपासून करीत. काजळी म्हणजे कार्बन; त्याच्यावर प्रकाशाचा परिणाम जवळजवळ होतच नाही. त्या शाईने लिहिलेली जुनी मोडी कागदपत्रे आजही काळीभोर दिसतात ती यामुळेच.

पुष्कळशा साध्या मार्करांमध्ये रंजक असतात. काळा रंगही बहुधा दोन-तीन रंजक मिसळून साधलेला असतो. त्यांतला एक आधी उडाला की उरलेल्यांचा रंग दिसू लागतो. काळी सही जांभळट किंवा तपकिरी होते याचे रहस्य हे आहे.

प्रकाश रंग कसा मारतो?

रंजकाच्या रेणूत कार्बनच्या अणूंमध्ये एकाआड एक असे एकेरी आणि दुहेरी बंध असतात. या साखळीमुळेच तो प्रकाशातील ठराविक तरंगलांब्या शोषतो आणि आपल्याला रंग दिसतो. साखळी कुठेही तुटली की रंग गेला. पदार्थ तिथेच असतो, पण तो आता बिनरंगी झालेला असतो.

साखळी तोडण्याचे बळ प्रकाशात आहे काय? हिशेब करून पाहू. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला एका मोलमागे सुमारे ३५० किलोजूल ऊर्जा लागते. आपल्याला न दिसणाऱ्या जंबुपार, म्हणजेच अतिनील किरणांत ३५० नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण घेतले, तर त्यांच्या प्रकाशकणांची ऊर्जा मोलमागे सुमारे ३४० किलोजूल भरते. म्हणजे जवळजवळ घाव घालण्याइतकीच! हिरव्या प्रकाशाची, म्हणजे ५५० नॅनोमीटरची, ऊर्जा सुमारे २१८ किलोजूल असते. तेवढ्याने बंध सरळ तुटत नाही. पण प्रकाश शोषलेला रेणू उत्तेजित होतो आणि त्या अवस्थेत हवेतील ऑक्सिजनशी त्याची अभिक्रिया सहज होते. म्हणून जंबुपार किरण अडवले तरी रंग उडण्याचे थांबत नाही, फक्त मंदावते.

ऑक्सिजनचा हा हात इंग्लंडमध्ये रसेल आणि ॲबनी यांनी फार पूर्वी पकडला होता. त्यांनी चित्रकारांचे जलरंग उन्हात ठेवून बारकाईने प्रयोग केले आणि १८८८ साली त्याचा अहवाल दिला. हवा काढून घेतलेल्या नळीत ठेवलेले बरेचसे रंग उन्हातही उडाले नाहीत, असे त्यांना आढळले.

मोटारीच्या काचा बंद असल्या तर? पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पडदा घालून केलेली असते. हा पडदा बहुतेक जंबुपार किरण शोषून घेतो. बाजूच्या काचा मात्र बहुधा एकेरी असतात. ३२० ते ४०० नॅनोमीटरमधले बरेच किरण त्यांतून आत येतात. दिसणारा प्रकाश तर सगळ्याच काचांतून येतो. शिवाय टप उघडणारी गाडी असेल तर काचेचा आडोसाही नाही.

एक वर्ष आणि अडीच तास

रंग किती उडेल हे प्रकाशाची तीव्रता आणि वेळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. थोडा प्रकाश पुष्कळ वेळ आणि पुष्कळ प्रकाश थोडा वेळ, यांचा परिणाम साधारण सारखाच होतो. प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात.

संग्रहालयांत नाजूक चित्रे व हस्तलिखिते साधारण ५० लक्स प्रकाशात ठेवण्याचा प्रघात आहे. रोज ८ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर वर्षभरात ५० × ८ × ३०० = १,२०,००० लक्स-तास होतात. भर दुपारचे थेट ऊन सुमारे १,००,००० लक्स असते. काचेमुळे आणि ऊन तिरपे पडल्यामुळे डॅशबोर्डवर त्यातले निम्मे, म्हणजे ५०,००० लक्स पोचतात असे मानू. मग १,२०,००० लक्स-तास पुरे व्हायला किती वेळ लागेल? फक्त २.४ तास! संग्रहालय आपल्या वस्तूला वर्षभरात जेवढा प्रकाश देते, तेवढा उन्हातली मोटार तिच्यावरच्या सहीला एका दुपारी अडीच तासांत देते.

या हिशेबातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की प्रकाशाने झालेले नुकसान साठत जाते आणि भरून येत नाही. रात्रभर अंधारात ठेवली म्हणून सही ‘विश्रांती’ घेऊन पुन्हा गडद होत नाही. याचे मोठे उदाहरण अमेरिकेच्याच इतिहासात आहे. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची सह्या केलेली मूळ प्रत १८४१ ते १८७६ अशी ३५ वर्षे वॉशिंग्टनमध्ये पेटंट कचेरीच्या इमारतीत खिडकीसमोर टांगलेली होती. आधीच गुंडाळण्या-उलगडण्याने झिजलेली शाई त्या उजेडात फार पुसट झाली. आज ती प्रत राष्ट्रीय अभिलेखागारात मंद प्रकाशात, अरगॉन वायू भरलेल्या पेटीत आहे. ऱ्हास थोपवला गेला, पण गेलेल्या सह्या परत आल्या नाहीत. त्यांतल्या कित्येक आज जेमतेम वाचता येतात.

उष्णता, तेलकटपणा आणि हात

प्रकाशाच्या जोडीला मोटारीत उष्णता असते. कडक उन्हात तासभर उभ्या केलेल्या बंद मोटारीचा डॅशबोर्ड सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. तापमान १० अंशांनी वाढले की पुष्कळशा रासायनिक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हे तुम्ही शिकला असाल. इथेही तेच होते.

उष्णतेचा दुसरा परिणाम प्लॅस्टिकवर होतो. डॅशबोर्डला पुष्कळदा व्हिनाइलचे, म्हणजे पी. व्ही. सी. चे आवरण असते. हे प्लॅस्टिक मूळचे कडक. ते मऊ व्हावे म्हणून त्यात तेलकट द्रव्ये मिसळतात. तापल्यावर ही द्रव्ये हळूहळू बाहेर येतात. जुन्या मोटारीच्या पुढच्या काचेवर आतून धूसर थर जमतो तो बराचसा याचाच. ही द्रव्ये शाईच्या थरात शिरून तिला मऊ करतात, आणि मग रेघा पसरतात.

तुमच्या ओळखीचे एक उदाहरण सांगतो. झेरॉक्स केलेला कागद मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत काही महिने ठेवला, तर अक्षरे पिशवीलाच चिकटून येतात, हे तुम्ही अनुभवले असेल. तोच हा प्रकार. म्हणून सहीवर मऊ प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवणे हा उपाय अगदी वाईट. काढताना त्याच्याबरोबर सहीच निघून यायची!

उरला माणसाचा हात. कप्पा उघडताना बोट जिथे लागते तिथे घाम आणि तेल लागते, घर्षण होते. त्याहून वाईट म्हणजे डॅशबोर्ड चकचकीत करायचे पॉलिश आणि जंतुनाशक अल्कोहोल. ही शाई मुळात अल्कोहोलमध्येच विरघळवलेली असते, हे आठवा. अल्कोहोलने ओला केलेला फडका तिच्यावर फिरवला की ती पुन्हा विरघळते आणि फडक्यावर येते. मोटार स्वच्छ, आणि सही नाहीशी!

व्हार्निशचा पेच

आता व्हार्निशकडे वळू. फवाऱ्याच्या डब्यातल्या पारदर्शक व्हार्निशमध्ये राळ असते आणि ती पातळ ठेवण्यासाठी जोरदार विद्रावक असतो. हा विद्रावक सहीवर पडला की तोही शाई विरघळवू लागतो. जाड ओला थर मारला तर रेघा डोळ्यांदेखत फुटून वाहू लागतात. कुंचल्याने लावले तर शाई ओढली जाऊन सगळीकडे माखते.

समजा, थर नीट बसला. पुढे काही वर्षांनी तो पिवळा पडला, किंवा त्याला तडे गेले, तर तो काढायचा कसा? ज्या द्रवाने व्हार्निश निघेल त्याच द्रवाने खालची शाईही निघेल. जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञांचा एक नियम आहे : वस्तूला असे काही लावू नये, जे पुढे वस्तूला धक्का न लावता काढता येणार नाही. मार्करच्या सहीवरचे व्हार्निश हा नियम मोडते. पेच आहे तो हा.

काही व्हार्निशांत जंबुपार किरण शोषणारी द्रव्ये घातलेली असतात. त्यांचा रेणू किरणाची ऊर्जा घेतो आणि ती उष्णतेच्या रूपाने सोडून देऊन पुन्हा पहिल्यासारखा होतो. उपयोग आहे, पण मर्यादित. दिसणारा प्रकाश त्यातून आत जातोच, आणि पारदर्शक व्हार्निशमधून तो गेलाच पाहिजे, नाहीतर सही दिसणार कशी?

मग करावे काय?

सर्वांत खात्रीचा उपाय सर्वांत साधा आहे. सही असलेला भाग गाडीतून काढून ठेवावा. कप्प्याचे झाकण किंवा ऊन अडवायची झडप चार-दोन स्क्रू सोडवले की निघते. तिच्या जागी दुसरी बसवावी आणि सहीची झडप घरात थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी मऊ सुती कापडात ठेवावी. मोटारींच्या मेळाव्याला जाताना ती पुन्हा बसवता येते.

भाग निघण्यासारखा नसेल, तर गाडी सावलीत किंवा छपराखाली उभी करावी आणि सहीवर अपारदर्शक कापडाची झडप सैल सोडावी. बघायचे तेव्हा वर करावी. सही नेहमी दिसत राहावी असे वाटत असेल, तर जंबुपार किरण अडवणाऱ्या ॲक्रिलिकचा कडक पारदर्शक तुकडा पुढे बसवावा. तो सहीला टेकू नये, मध्ये काही मिलिमीटर अंतर असावे. त्याने हात आणि फडका अडतो, किरणही बरेच अडतात, आणि हवा तेव्हा तो काढता येतो. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झटकावी. सहीवर कोणताही द्रव घालू नये.

एवढे सांगूनही ज्याला व्हार्निश मारायचेच असेल, त्याने आधी त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या टाकाऊ तुकड्यावर त्याच पेनाने दुसरे काही लिहावे. ते काही आठवडे वाळू द्यावे आणि त्यावर फवारा मारून पाहावा. तिथे रेघ फुटली तर खऱ्या सहीच्या वाटेला जाऊ नये. आणि सही नवी घ्यायची असेल, तर पेन निवडणे आपल्या हातात असते. रंगद्रव्याचे पेन निवडावे आणि सही उन्हाच्या वाटेत न येणाऱ्या जागी घ्यावी. अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

काहीही करण्याआधी सहीचे चांगले छायाचित्र मात्र काढून ठेवावे. शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि मागे तारीख लिहावी. पुढे सही पुसट होत आहे की नाही, हे त्याच्याशी ताडून पाहता येते.

आणि एक गोष्ट कधीही करू नये. पुसट झालेली सही दुसऱ्या पेनाने गिरवू नये. सहीची किंमत तिच्या अक्षरांत नसते. अमुक माणसाचा हात अमुक दिवशी या जागेवरून फिरला, याची ती खूण असते. गिरवली की ती खूण झाकली गेली. आता तिथे आहे तो गिरवणाऱ्याचा हात. पुसट पण खरी सही ही ठसठशीत गिरवलेल्या सहीपेक्षा केव्हाही मोलाची.

करून पाहा

शाई किती टिकते हे मोजायला मोटार लागत नाही. पांढऱ्या जाड कागदाची २० सेंटिमीटर लांबीची पट्टी घ्या. तिच्यावर एकाखाली एक लांब रेघा ओढा : स्केच पेन, बॉलपेन, लाल मार्कर, काळा मार्कर आणि शिसपेन्सिल. सगळी पट्टी काळ्या पुठ्ठ्याने झाका आणि ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवा. दर रविवारी पुठ्ठा २ सेंटिमीटर मागे सरकवा. आठ आठवड्यांनी पहा. एका टोकाला आठ आठवड्यांचे ऊन, मग सात, सहा, असे करीत शेवटी झाकलेला भाग. प्रत्येक रेघेचा उतरत जाणारा रंग एकाच दृष्टिक्षेपात दिसेल. कोणती रेघ आधी गेली? काळ्या मार्करचा रंग बदलला का? शिसपेन्सिलीचे काय झाले, आणि का?

संग्रहालयेही प्रकाशाचा परिणाम अशाच पट्ट्यांनी मोजतात. त्यांच्या पट्ट्यांवर निळ्या रंगात रंगवलेल्या लोकरीचे आठ तुकडे असतात. पहिला सर्वांत लवकर उडणारा, आठवा सर्वांत चिवट. कोणता तुकडा फिका पडला यावरून त्या जागी किती उजेड पडला हे कळते.

तुमच्या घरातही जपण्यासारखे एखादे हस्ताक्षर असेल. आजोबांचे पत्र, शिक्षकांनी पुस्तकावर लिहिलेला आशीर्वाद, कोणा खेळाडूची सही. पट्टी तयार झाली की ती हातात घेऊन त्या अक्षरांकडे पहा, आणि ती खिडकीसमोर टांगलेली असतील तर आजच खाली उतरवा.